पंखे बंद होईपर्यंत

दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर एका ठरावीक जातीचे मेसेज यायला लागतात. आधी नुसतंच "गुड इव्हनिंग मॅडम". मग पणतीचं चित्र. मग दोन दिवस काहीच नाही. आणि तिसऱ्या दिवशी, "मॅडम, एक छोटंसं काम होतं."

छोटंसं काम म्हणजे एलओआर. लेटर ऑफ रेकमेंडेशन असं पूर्ण नाव कोणी घेत नाही, शिफारसपत्र तर नाहीच नाही. मी एका जिल्ह्याच्या गावी लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवते. एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडून परदेशी एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाणारी मुलं वर्षाला दोन, फार तर तीन. अर्ज करणारी मात्र दहा-बारा असतात आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला दोन पत्रं लागतात. ऑक्सफर्डच्या बीसीएलला, म्हणजे तिथल्या एलएलएमच्या तोडीच्या पदवीला, तीन. शिकवणारे आम्ही मोजून आठ. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या स्टाफरूमच्या दाराला तहसील कचेरीची कळा येते. साहेब आहेत का, सही मिळेल का, उद्या येऊ का.

२०२२ च्या नोव्हेंबरात असाच एक मुलगा आला. शेवटच्या वर्षाचा, मागच्या बाकावरचा. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात टाइप केलेला कागद. म्हणाला, "मॅडम, तुमचा वेळ जायला नको म्हणून मीच लिहून आणलंय. तुम्ही फक्त बघून घ्या."

बघून घ्या म्हणजे सही करा. एवढी भाषा मला येते.

मी वाचायला लागले. गुळगुळीत इंग्रजी. मुलगा मेहनती, मुलगा विनम्र, मुलाची विश्लेषणशक्ती असामान्य. दुसऱ्या परिच्छेदात 'इंटेलेक्च्युअल स्टॅमिना' आला आणि मी जरा सावरून बसले. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर असं: संध्याकाळी ग्रंथपाल पंखे बंद करतात, तेव्हाच ती जागेवरून उठते.

ती. बाकी सगळ्या पत्रात पुल्लिंग होतं, या एकाच वाक्यात स्त्रीलिंग बदलायचं राहून गेलं होतं.

ती मुलगी म्हणजे मी. ते पत्र मी लिहिलं होतं, २००३ साली, माझ्यासाठी.

तेव्हा मी याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. एका ब्रिटिश विद्यापीठाचा फॉर्म पोस्टाने मागवला होता आणि त्यात 'कॉन्फिडेन्शियल' असं वर छापलेले दोन कागद होते. वडिलांचं म्हणणं, नात्यातल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांचं पत्र घ्यावं, वजन पडेल. त्या काकांनी मला आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा पंगतीत. मी काय लिहायला सांगणार होते त्यांना, जिलबी नको म्हणते? मी हट्टाने आमच्या घटनेच्या सरांकडे गेले. त्यांच्या व्याख्यानांवर माझा जीव होता. सर म्हणाले, "अगं, तूच लिहून आण. मी बघतो."

मला वाईट वाटलं नाही. उलट सरांनी एवढा विश्वास टाकला म्हणून मी हवेत होते. घरी येता येता कळायला लागलं की सरांना माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही ठाऊकच नाही. मी त्यांच्या लेखी पहिल्या बाकावरची, चष्मेवाली. त्यांचा तरी काय दोष म्हणायचा? आपल्याकडे विद्यार्थ्याबद्दल कुणी काही म्हणावं अशी गरजच कधी पडत नाही. बारावीचे मार्क, आता सीईटी किंवा क्लॅट, मग मेरिट लिस्ट. यादीत नाव लागलं की लागलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली' असं असतं, ते कारकून सगळ्यांनाच घालतो. वर्गात दंगा करून काचा फोडणाऱ्या माझ्या भावाची वर्तणूकही चांगलीच आहे, लॅमिनेट करून ठेवलीय आईने.

आणि 'शिफारस' हा शब्द आपल्याकडे आधीच नासलेला. शिफारस म्हणजे आमदारांची चिठ्ठी. ज्याची शिफारस आहे तो वशिल्याचं तट्टू, हे गृहीत. एखाद्या माणसाने दुसऱ्याकडे लक्ष देऊन पाहावं आणि पाहिलेलं प्रामाणिकपणे तिसऱ्याला लिहून कळवावं, हा व्यवहार आमच्या गावी कुणी केलेला मी पाहिला नव्हता.

तर मी सायबर कॅफेत तीन संध्याकाळी बसून स्वतःचं कौतुक लिहिलं. अवघड काम. शेजारच्या केबिनमधल्या पोरांना स्क्रीन दिसू नये म्हणून ओढणी आडवी धरून बसायची. मोठमोठे शब्द शोधले. असामान्य, अद्वितीय, स्टॅमिना. सगळं झाल्यावर वाचलं तर त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून मग ते पंख्यांचं वाक्य घातलं. तेवढंच खरं होतं. आमचे तेव्हाचे ग्रंथपाल साडेपाचला एकेक बटण बंद करत यायचे आणि माझ्या डोक्यावरचा पंखा शेवटचा. पण गंमत अशी की सर चारलाच स्कूटर काढायचे. त्यांनी हे कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

सरांनी पान उलटून शेवट पाहिला, "तारीख नाही टाकलीस?" एवढं विचारलं आणि सही केली. मग पाकीट, पाकिटाच्या जोडावर आडवी सही, त्यावर सेलोटेप, कॉलेजचा गोल शिक्का. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी ते गोपनीय पत्र आधी नीट वाचलं आणि मगच जावक क्रमांक घातला, कारण विषय काय लिहायचा रजिस्टरला?

प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. मी पुण्याला एलएलएम केलं, नेट झाले आणि फिरून इथेच आले. ते पत्र हॉस्टेलवरच्या एका ज्युनिअरने मागितलं होतं, तिला फ्लॉपी दिली होती. त्यानंतर ते माझ्या डोक्यातूनही गेलं. फ्लॉपीवरून पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हवरून व्हॉट्सॲप. एकोणीस वर्षांत किती मुलांसाठी ते पंखे बंद झाले असतील, देव जाणे. परदेशातल्या एखाद्या प्रवेश समितीच्या बाईंना आमच्या कॉलेजचं नाव वाचताच पंखे आठवत असतील.

पुराव्याच्या वर्गात मी दर वर्षी एक गोष्ट घोकून घेते. तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा. १८७२ च्या कायद्यात ते कलम ६० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ५५ झालं. आकडा बदलला, आत तेच आहे. पाहण्यासारखी गोष्ट असेल तर मी पाहिली असं म्हणणाराच साक्षीदार चालतो. ऐकण्यासारखी असेल तर ऐकणारा. याला जोडून मुलांना पढवलेला साक्षीदार कसा ओळखायचा तेही सांगते. पढवलेले साक्षीदार सगळे एकाच शब्दांत बोलतात. बारीकसारीक तपशील विचारला की गप्प होतात, किंवा फार मोठं बोलतात. आणि कोऱ्या पंचनाम्यावर सह्या करणारे पोलिसांचे नेहमीचे पंच असतात, त्यांची उलटतपासणी कशी घ्यायची यावर तर माझं अख्खं एक व्याख्यान आहे. मुलं खूप हसतात त्या तासाला.

त्या दिवशी हातातला कागद बघताना लक्षात आलं, की दर नोव्हेंबरात मी स्वतः तेच करत आले होते. दहा-बारा सह्या. वाचून, एखादं विशेषण कमी करून, पण सह्याच.

या धंद्याचा एक चांगला नमुना आपल्याच इतिहासात आहे. १९०६ साली लंडनमध्ये राहून भारतीय तरुणांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या पंडित श्यामजी कृष्ण वर्मांकडे, बॅरिस्टरी शिकायला लंडनला जाऊ पाहणाऱ्या एका तरुणासाठी टिळकांनी पत्र धाडलं होतं. तरुण म्हणजे विनायक दामोदर सावरकर, मागितली होती ती 'शिवाजी' शिष्यवृत्ती. टिळक स्वतः एलएल.बी.; वकिली केली नाही, पण लिहिणं वकिलाचं. सुरुवातच अशी की एवढे अर्ज येत असताना कुणा एकाची खास शिफारस करण्यात अर्थ नाही. आणि मग मोजके मुद्दे. मुलगा तेजस्वी आहे, स्वदेशीसाठी इतका पेटलेला की त्यापायी त्याने फर्ग्युसन कॉलेजच्या अधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली, सरकारी नोकरी करायचा त्याचा विचार नाही, चारित्र्य उत्तम. संपलं. कॉलेजची नाराजी म्हणजे १९०५ ची विदेशी कपड्यांची होळी आणि त्यानंतरचा १० रुपये दंड. दुसऱ्या कुणी ही गोष्ट झाकली असती, टिळकांनी तीच पुढे केली. आणि सरकारी नोकरीचं वाक्य उगाच आलेलं नाही. इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही, ही त्या शिष्यवृत्तीची अटच होती. वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न ओळखून तेवढ्याचं उत्तर दिलं आहे. स्टॅमिना वगैरे कुठे नाही.

आणि दुसरे केळुसकर गुरुजी. कृष्णाजी अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत बसायचे, तिथे एक शाळकरी मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि भीमराव आंबेडकरांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिथून कोलंबिया, आणि १९१६ साली लंडनचं ग्रेज इन, म्हणजे बॅरिस्टरी शिकायची संस्था. सावरकरांचंही तेच इन. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बाग वाटते. महाराजांसमोर गुरुजी जे काही बोलले असतील, ते त्यांनी बागेत रोज डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कलम ६०.

आता त्या मुलाकडे वळते. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "लायब्ररीत बसतोस का रे?"

"नाही मॅडम. दुपारी कोर्टाच्या आवारात दस्तलेखकाकडे असतो कामाला."

तेव्हा मला आठवलं. दुसऱ्या वर्षी अंगठ्याच्या ठशांवर शिकवत होते. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, तज्ज्ञाचं मत, वगैरे नेहमीचं. मागून हा म्हणाला होता, "मॅडम, ज्या म्हाताऱ्या माणसाला जमीन द्यायची नसते ना, तो अंगठा जोरात दाबतो. शाई पसरते, ठसा नुसता काळा गोळा होतो. मग पोरं ओरडतात, परत घ्यायला लावतात. दुसऱ्यांदा तो हात सैल सोडतो." वर्गात कुणी तरी हसलं. मी "बरं, पुढे चला" म्हटलं होतं, कारण पोर्शन राहिला होता. पण रात्री भाकरी करताना तो काळा गोळा डोळ्यापुढे आला होता. संमती म्हणजे काय, हे मी पंधरा वर्षं शिकवत होते आणि सैल सोडलेला हात मला कुठल्या निकालपत्रात भेटला नव्हता.

मी म्हटलं, "हे तू लिहून आणलेलं घेऊन जा. पत्र मी लिहीन. तू मला फक्त तुझे मार्क, कुठे कुठे अर्ज करतोयस ते आणि कुठल्या तारखेपर्यंत हवंय, एवढं लिहून दे."

त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी टाळतेय. हेही मी अनुभवाने शिकलेय, की आपल्याकडे मास्तर 'लिहीन' म्हणाला की मूल घाबरतं आणि 'लिहून आण' म्हणाला की निर्धास्त होतं.

आता पाकिटं गेली. अमेरिकेतल्या बऱ्याच लॉ स्कूलचा कारभार लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, म्हणजे मुलांच्या भाषेत एलसॅक, यांच्यामार्फत चालतो. मुलगा तिथे आपलं नाव देतो, लिंक थेट मला येते, पत्र मी चढवते, ते तिथून त्याने निवडलेल्या विद्यापीठांना जातं. मुलाच्या हातात ते कुठेच पडत नाही. ब्रिटनमध्ये ज्या त्या विद्यापीठाची आपापली खिडकी. बहुतेक ठिकाणी संस्थेचा ईमेल हवा असतो, जीमेल म्हटलं की भुवया उंचावतात. आमच्या कॉलेजचा ईमेल सर्व्हर तीन दिवस बंद होता आणि त्याचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते निवडणुकीच्या ड्युटीवर. ते असो.

एक गोष्ट मात्र मुलांना मी नीट समजावते. अर्ज भरताना एक चौकट येते, हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क दिला, आणि तो सोडायची सोयही ठेवली. आपल्याकडची मुलं त्या चौकटीपाशी अडखळतात. साहजिक आहे. हक्कसोडपत्र म्हटलं की डोळ्यापुढे तलाठी ऑफिस आणि सही करणारी आत्या येते. तिथे सोडलेलं परत मिळत नाही. इथे सोडल्याने पत्राला किंमत येते, कारण वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून मुलगा डोकावत नव्हता. याने खूण केली. मग मलाच म्हणाला, "मॅडम, वाईट काही लिहिणार नाही ना?"

लिहायला बसले तेव्हा कळलं, सह्या करणं किती सोपं होतं. दोन रात्री गेल्या. अंगठ्याची गोष्ट लिहिली, जशी घडली तशी, मी 'पुढे चला' म्हटलं होतं तेही. मग अडलं ते एटीकेटीवर. दुसऱ्या वर्षी त्याचा एक विषय राहिला होता. गुणपत्रिकेत ते दिसणारच होतं. मी लिहिलं, त्या सहामाहीत वडिलांचा अपघात झाला आणि हा सकाळी कॉलेज, दुपारी दस्त, संध्याकाळी दवाखाना असा फिरत होता. मी त्याची हजेरी घेत होते, म्हणून मला माहीत आहे. त्याचं बोललेलं इंग्रजी अडखळतं, हेही लिहिलं. हे लिहू की नको यावर चहाचे तीन कप झाले. न लिहिता भागलं असतं. पण ते वगळलं असतं तर बाकीचं मला माझंच खरं वाटेना.

शेवटी तक्ता. वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत, खूण करा. माझी पेन्सिल, म्हणजे माउस, सवयीने ५ कडे गेला. आमच्याकडून गेलेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा वरच्या ५ टक्क्यांत असतो. साठांच्या तुकडीत ५ टक्के म्हणजे तीन जण, आणि मी एकाच वर्षी सात जणांना त्या तिघांत बसवलेलं आहे. मी १० वर खूण केली. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणी तरी आपल्या पोराला डोळे मिटून ५ मध्ये टाकलं असणार, मग माझ्या खरेपणाची किंमत याने का मोजायची? याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पुढच्या वर्षी एकीला तक्त्यात बसवेना, म्हणून मी पत्र द्यायलाच नकार दिला, दुसऱ्या मॅडमकडे जा म्हटलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

मुलाला एका अमेरिकी विद्यापीठाने नाकारलं, दुसऱ्याने वेटिंगवर ठेवलं, ब्रिटनमधल्या एकाने घेतलं. ज्यांनी नाकारलं त्यांनी १० टक्क्यांमुळे नाकारलं का, ज्यांनी घेतलं त्यांनी अंगठ्यामुळे घेतलं का, ते कळायला मार्ग नाही. कर्ज काढून गेला. पेढे घेऊन आला तेव्हा विचारलंच त्याने, "काय लिहिलं होतं मॅडम?" मी म्हटलं, हक्क सोडलायस ना? हा लेख त्याच्या वाचनात आला तर आता कळेल.

तेव्हापासून मी मुलांना पहिल्या वर्षापासूनच सांगते, ज्याच्याकडून पत्र हवंय त्याला दिसेल असं काही तरी करत राहा. पाच मिनिटं थांबून प्रश्न विचारा, माझं चुकलं तर वाद घाला, लीगल एडच्या शिबिराला माझ्या गाडीतून चला. आणि मागायला याल तेव्हा आठ आठवडे आधी या. बहुतेक जण ऐकतात आणि आठ दिवस आधी येतात. मीही एक जाड वही केली आहे, वर्गात कुणी काही वेगळं बोललं की तास संपल्यावर दोन ओळी. नावासमोर तारीख. त्या वहीत पानंच्या पानं कोरी जातात, हेही सांगून टाकते. साठ चेहरे, पंचेचाळीस मिनिटं.

यंदा दिवाळीनंतर एका मुलीचा मेसेज आला. गुड इव्हनिंग, पणती, शांतता, छोटंसं काम. सोबत फाइल. उघडली. इंटेलेक्च्युअल स्टॅमिना. तिसऱ्या परिच्छेदात पंखे. लिंग मात्र या वेळी सगळीकडे बरोबर होतं, बदलायची वेळच आली नव्हती.

तिला बोलावून घेतलं. वहीत तिच्या नावावर काहीच नव्हतं. विचारलं, "हे पंख्यांचं कुठून आणलंस?"

"सीनिअरनी दिलेला फॉरमॅट आहे मॅडम." मग जरा थांबून म्हणाली, "पण ते खरं आहे. म्हणजे पंखे नाही, आता एसी आहे ना. मावशी मला उठवतात रोज. घरी अभ्यासाला जागा नाही."

मी तिला फाइल परत घेऊन जायला सांगितलं आणि आठवडाभराची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी लायब्ररीत गेले. एकोणीस वर्षं इथे शिकवतेय, या वेळेला कधी पाय ठेवला नव्हता. मीही चारलाच स्कूटर काढते. टेबलं रिकामी होती. खिडकीजवळच्या टेबलावर एक वेणी तेवढी खाली वाकलेली दिसत होती. मावशींनी ड्रॉवरमधून रिमोट काढला, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "थांबा, आता बघा गंमत."